आधी लाकूड दाखवा

आमच्या दुकानात कुऱ्हाड मागणाऱ्याला पहिला प्रश्न ठरलेला असे. "लाकूड आणलंय का?"

गिऱ्हाईक नवखं असेल तर ते गोंधळायचं. कुऱ्हाड घ्यायला आलोय तर लाकूड कशाला आणू, असा त्याचा चेहरा व्हायचा. मग मी दुकानासमोरच्या चिंचेच्या ओंडक्याकडे बोट दाखवून बसा म्हणायचो, चहा सांगायचो आणि आमचा कायदा समजावून द्यायचो. जे लाकूड फोडायचं आहे त्याचा एक तुकडा आधी आणून दाखवायचा, मग कुऱ्हाड मिळणार. हा कायदा माझ्या आजोबांचा. अब्बांनी तो पाळला, आणि मी तर असा पाळला की वारंगा फाट्यावर लोक माझ्या माघारी मला 'लाकूडचाचा' म्हणतात. तोंडावर हबीबचाचा म्हणतात, तेवढी अदब अजून शिल्लक आहे.

आता मी दुकानातून जवळपास निवृत्तच झालोय. अर्ध्या जागेत पुतण्या पाण्याच्या पंपाचे सुटे भाग विकतो. उरलेल्या अर्ध्या जागेत कुऱ्हाडीची पाती, धावड्याच्या लाकडाचे दांडे, पाचरी, घण आणि मी, असे सगळे एकमेकांना टेकून उभे असतो. दुपारी मी ओंडक्यावर बसतो आणि पेंगतो. समोरून नांदेडचे ट्रक जातात, त्यांचा आवाज हळूहळू विरतो आणि त्याच्या खालून मला दुसरा आवाज यायला लागतो. लहानपणी अब्बांबरोबर गावोगाव जायचो तेव्हाचा. लांबच्या बांधावर कुणीतरी लाकूड फोडत असायचं. कुऱ्हाड खाली आलेली आधी दिसायची आणि 'टोक्' असा आवाज मागून यायचा. मला वाटायचं, दोन माणसं आहेत. एक दिसणारा आणि एक ऐकू येणारा. अब्बांना सांगितलं तर ते हसले होते. अजूनही पेंगताना मला तो ऐकू येणारा माणूस भेटतो. दिवाळी अंकासाठी धंद्यातल्या चार गोष्टी लिहा, असा निरोप घेऊन एक गृहस्थ आले, तेव्हासुद्धा मी त्याच्याच सोबत होतो. म्हणून हे लिहिणं जरा इकडेतिकडे गेलं तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

बाहेरच्या माणसाला कुऱ्हाड म्हणजे कुऱ्हाड. पण झाड तोडायची कुऱ्हाड वेगळी आणि लाकूड फोडायची वेगळी. तोडायची पातळ असते, ती आडवी आत शिरते. तीच घेऊन तुम्ही उभं लाकूड फोडायला गेलात तर ती आत जाऊन पाहुण्यासारखी बसते, उठायचं नाव घेत नाही. फोडायच्या कुऱ्हाडीला धारेच्या मागे गाल फुगलेले हवेत. धार फक्त दार उघडते, लाकूड दोन्हीकडे सारायचं काम गालांचं. म्हणून तिला वस्तऱ्यासारखी धार लावून मागणारं गिऱ्हाईक आलं की मी त्याला म्हणायचो, दाढी करायची आहे का?

आणि लाकडांचे स्वभाव तर विचारू नका. बाभूळ कठीण, पण सरळ मनाची. वाळली की गाठ चुकवून बसलेला एक घाव तिला पुरतो. आंबा मवाळ, तो कशानेही फुटतो आणि तितक्याच लवकर जळून जातो. लिंब आतून पीळ घेतलेला असतो, त्याच्या कडेकडेने ढलप्या काढत मध्याकडे यावं लागतं. जाड गाठाळ बुंध्याला कुऱ्हाड लावूच नये. तिथे लोखंडी पाचर आणि घण. हे सगळं ज्याच्या त्याच्या लाकडाचा तुकडा हातात घेतल्याशिवाय कसं कळणार? मी तुकडा घ्यायचो, वास घ्यायचो, टोकाकडून रेषा बघायचो, दगडावर आपटून आवाज ऐकायचो. ओलं लाकूड 'ढप्' बोलतं, वाळलेलं 'टण्' बोलतं. मग वजन ठरायचं. दांडा मात्र माणूस बघून. कुऱ्हाडीचं पातं तळहातात धरून हात खाली सोडायचा, दांड्याचं टोक काखेत आलं पाहिजे. एवढाच हिशोब, पण तो चुकला की कंबर धरते.

फाट्यावरच्या एका ढाब्याच्या मालकाला हा हिशोब पटत नसे. "चाचा, सगळ्यात वजनदार द्या," असं तो दर वेळी म्हणायचा. त्याच्याकडे लाकडं फोडायला दांडगा माणूस होता आणि मालकाला त्याचा भारी अभिमान. शेवटी एकदा मी हट्ट सोडला आणि दिली. पहिल्या तासात त्या माणसाने असा काही ढीग पाडला की बघायला ट्रकवाले थांबले. दुसऱ्या तासात तो खाटेवर पडला आणि संध्याकाळी तंदूर थंड. मालक कुऱ्हाड बदलायला आला, मी हलकी काढून दिली. दोघांनी चहा घेतला.

एकदा एक तरुण जोडपं मोटारीतून उतरलं. शेतात टुमदार घर बांधलं होतं. लाकूड आणलंय का विचारलं तर म्हणाले, लाकूड नाही, भिंत आहे. भिंतीवर कुऱ्हाड टांगायची होती, शोभेला. मला आधी रागच आला. मग त्यातली मुलगी म्हणाली, "चाचा, आजोबांची हरवली, म्हणून हवी." मी एक जुनं पातं घासूनपुसून दिलं, दांडा चांगला धावड्याचा बसवला. धारही लावली. भिंतीला धार कशाला म्हणून पुतण्या हसला, पण बिनधारेची कुऱ्हाड दुकानातून बाहेर पाठवायला माझा हात धजेना.

आणि हा चिंचेचा ओंडका. पुसेगावचा एक शेतकरी हा टेम्पोत घालून घेऊन आला होता. तुकडा आणा म्हटलं होतं, त्याने रागारागात अख्खा बुंधाच आणला. "फोडून दाखवा, मग कुऱ्हाड घेतो," म्हणाला. चिंचेचे धागे वेणीसारखे एकमेकांत अडकलेले असतात. तिला मी सगळं लावून पाहिलं. कुऱ्हाड उडाली, पाचर आत गेली ती आतच राहिली, घणाचा दांडा मोडला. भोवती माणसं जमली, कुणी शिट्टीही मारली. शेवटी मी हात जोडले. त्याचा राग कुठल्या कुठे पळाला. "जाऊ द्या चाचा, बसायला होईल," म्हणून तो ओंडका तिथेच टाकून गेला. तेव्हापासून सगळा फाटा त्यावर बसतो. पाचर अजून त्याच्या पोटात आहे.

अशा गोष्टी पुष्कळ आहेत. पण मला आज खरं तर चंद्रभागाबाईंची गोष्ट सांगायची आहे. ती गेल्या वर्षीच्या श्रावणातली.

डोंगरकड्याहून येणाऱ्या जीपमधून एक बाई उतरल्या. साठी केव्हाच उलटलेली, अंगाने काडी, डोक्यावर पदर, हातात गोणपाटाची पिशवी. थेट ओंडक्यापाशी आल्या आणि मी काही विचारायच्या आधीच पिशवीतून बाभळीचा तुकडा काढून माझ्या पुढ्यात ठेवला.

"लाकूड आणलंय, भाऊ," त्या म्हणाल्या. "मालकाकडून ठावं हाय मला तुमचं. कालच येणार होते, पण काल पंचमी. पंचमीला धारंचं नाव घ्यावं न्हाई."

मग त्यांनी पिशवीतून एक कुऱ्हाड काढली. मी ती बघितली आणि ओळखली. पात्याच्या पाठीवर दोन टिंबं होती. अब्बा आपल्या हातच्या पात्यावर तशी ठोकायचे. दांडा हाताच्या घामाने काळा आणि गुळगुळीत झालेला.

"ह्यांची हाय," बाई म्हणाल्या. "माघात गेले. आता कुऱ्हाड हाय, लाकडं हायत, फोडणारं न्हाई."

"मजूर लावा की."

"मजूर येतो म्हणतो अन् येत न्हाई. उन्हाळ्याच्या तोंडी मीच उचलली. कुऱ्हाड तिकडं, मी इकडं. हे बघा." त्यांनी डावं मनगट पुढे केलं. जरा वाकडं जुळलेलं होतं.

हळूहळू सगळं कळलं. एकच मुलगा, गजानन, संभाजीनगरला नोकरीला. चांगला पोरगा. आईचं मनगट मोडलं तेव्हा महिनाभर येऊन राहिला, स्वतः भाकरी थापल्या, जाड आणि वाकड्या. जाताना म्हणाला, आता बास. दिवाळीला येतो आणि तुला घेऊनच जातो, घराला कुलूप.

"म्या त्याला म्हणलं, दिवाळीच्या आंघोळीचं पाणी मह्या हातानं फोडलेल्या लाकडावर तापवून दाखवलं तर? तो म्हणला, तर मी पुन्हा तोंड उघडणार न्हाई. म्हणून आले, भाऊ."

"गॅस नाही का घरात?"

"हाय की. चहा करते त्याच्यावर." बाईंनी पदर सारखा केला. "तिकडं गेले व्हते चार दिवस. सगळं चांगलं हाय. सून जीव लावती. पण सकाळी उठून काय करावं तेच समजंना. घरी म्या उठते, चूल पेटवते, मंग मला समजतं की मी उठले. तुमाला हे येडपट वाटंल."

मला येडपट वाटलं नाही. मी रोज सकाळी गिऱ्हाईक नसताना अब्बांच्या जुन्या भट्टीच्या भात्याजवळ बसून येतो, ते उगीच नाही.

बाभूळ उत्तम वाळलेली होती, रेषा सरळ. आरा मशीनवर नेऊन तिचे बुटके ठोकळे आधीच करून ठेवले होते, तेवढं मुलगाच करून गेला होता. म्हणजे फक्त फोडायचं काम. मला वाटलं, ह्यात काय मोठंसं! मी छाती पुढे काढून कामाला लागलो.

आधी त्यांचीच कुऱ्हाड, नवा दांडा घालून. उचलली, पण खांद्यापर्यंत गेल्यावर ती बाईंनाच मागे ओढायला लागली. मग हलकं पातं, त्यांच्या मापाचा दांडा. ती वर गेली, पण डाव्या मनगटात जोर नाही, त्यामुळे हवेतच फिरली आणि आडवी आपटली. मग आखूड दांडा दिला. पहिलाच घाव लाकडावरून घसरून त्यांच्या नडगीपासून वीतभर अंतरावर मातीत रुतला आणि मी ओरडून कुऱ्हाड काढून घेतली. लोकांना वाटतं आखूड दांडा सोपा. उभ्या माणसाचा लांब दांड्याचा घाव चुकला तर जमिनीत जातो, आखूड दांड्याचा चुकला तर पायात येतो. हे मला माहीत असून मी त्यांच्या हातात दिली होती. शेवटी पाचर आणि लहान घण. पाचर डाव्या हाताने धरावी लागते. पहिल्या ठोक्याला ती उडून पुतण्याच्या पंपांमध्ये जाऊन पडली.

बाई ओंडक्यावर बसल्या. पदराने कपाळ पुसलं. मी हलक्यात हलकी, भारीत भारी, सगळी अवजारं समोर मांडून उभा होतो आणि माझ्याकडे आता काही उरलं नव्हतं.

"मंग कुलूपच म्हणा," त्या म्हणाल्या. चिडून नाही, साधंच. जुनी कुऱ्हाड मात्र त्यांनी परत नेली नाही. "राहू द्या तुमच्यापाशी. घरात बघवत न्हाई," म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या.

ते दिवस मला नीट आठवत नाहीत, इतका मी त्यांच्यातून तरंगत होतो. पाऊस रिमझिम होता, भिजलेल्या लिंबाच्या पानांचा वास दुकानभर भरलेला असायचा. कुऱ्हाड कोपऱ्यात उभी. मी पेंगायला लागलो की लांबच्या बांधावरचा माणूस दिसायचा, पण आता त्याची कुऱ्हाड खाली यायची आणि आवाजच यायचा नाही. मी वाट बघत राहायचो. मग जाग यायची.

एका दुपारी आवाज आला.

मी घरात झोपलो होतो. आमचं घर दुकानाच्या पाठीमागेच, मध्ये फक्त एक अंगण. स्वप्नात बांध होता, धुकं होतं, आणि 'टोक्, टोक्' असा बारीक आवाज. मी डोळे उघडले तरी तो थांबला नाही. उठून अंगणात आलो. शकीला, माझी बायको, पावसाने ओलं झालेलं सरपण बाजूला करून बंबासाठी बारीक फाटे पाडत बसली होती. जुना कोयता तिने जमिनीवर धार वर करून ठेवला होता, मूठ पायाखाली दाबलेली. लाकूड धारेवर टेकवायचं, वरून दुसऱ्या लाकडाने ठोकायचं. लाकूड दुभंगून दोन्हीकडे पडत होतं. शेजारी विळी होती, तिच्यावर अर्धा कांदा. विळीवरून उठून ती तशीच कोयत्यावर बसली होती, एक गुडघा वर, पाय दाबलेला.

मी तिथेच उभा राहिलो.

"क्या देखरे?" शकीला म्हणाली. "दुनिया को कुऱ्हाडी बाटते, मेरे नसीब में यो बोथट कोयता. तीस साल से बोलतूं, धार लगा देव."

"तू असं कधीपासून फोडतीस?"

"जबसे तुम्हारे घर में आई. औरत के हाथ में हत्यार कहाँ फिरता? चीज़ फिरती. कांदा चलता, विळी बैठी रहती."

तीस वर्षं ती माझ्या अंगणात लाकडं फोडत होती आणि मी आत दुकानात लाकूड कसं फोडावं यावर व्याख्यानं देत होतो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी हसायला लागलो. मग तीही हसली, पण कोयत्याला धार लावून घेतल्याशिवाय तिने मला हलू दिलं नाही.

त्याच संध्याकाळी पुतण्याकडून डोंगरकड्याला फोन लावला आणि बाईंना सांगितलं, पोळ्यानंतर या.

चंद्रभागाबाईंना कुऱ्हाड नको होती, लाकडाची विळी हवी होती. पातं होतंच, त्यांच्या मालकाचं, फुगलेल्या गालांचं. प्रश्न होता ते बसवायचं कशात. वरून रोज ठोके बसणार, म्हणजे खालचं लाकूड असं पाहिजे की जे जन्मात फुटणार नाही. मी बाभूळ बघितली, लिंब बघितला, आणि हे सगळं ओंडक्यावर बसून बघत होतो. पुतण्याच शेवटी म्हणाला, "चाचा, तुमच्या बुडाखाली काय हाय?"

ओंडका आरा मशीनवर नेला. पोटातली पाचर चुकवून अर्धा कापून घेतला, अर्धा बसायला ठेवला. कापलेल्या भागात खोबण कोरून पातं धार वर करून बसवलं. जिथे दांडा असतो त्या भोकातून लोखंडी सळई आडवी घातली आणि तिची दोन्ही टोकं चिंचेत ठोकून पक्की केली. पुसेगावच्या त्या शेतकऱ्याची मला फार आठवण आली. ठोकायला बाभळीची मोगरी केली, धुणं बडवायची असते तशी, जरा जाडसर.

बाई आल्या, त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि पदर खोचून बसल्या. काही सांगावं लागलं नाही. बाभळीचा ठोकळा धारेवर टेकवला, मोगरीचा हलका ठोका देऊन आधी तो धारेत चावू दिला, डावा हात काढून घेतला आणि मग उजव्याने बडवलं. तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला आतून 'कर्र' झालं आणि दोन फाका दोन बाजूंना निजल्या. आतलं लाकूड तांबूस, ओल्या मातीसारखा वास. बाई त्या फाकांकडे बघतच राहिल्या.

"उंच झालंय पर," मग म्हणाल्या. "चुलीएवढं करा. मला हात वर न्यावा लागून राहिला."

मी धरलेलं माप उभ्याने काम करणाऱ्या माणसाचं! मी पुन्हा आरा मशीनवर जाऊन आलो.

दुसऱ्या खेपेला सगळं बराबर जमलं, तरी बाईंच्या मनात काहीतरी होतं. त्या त्याच्याभोवती फिरल्या. "भाऊ, विळी उभी ठिवू न्हाई. काम झालं की आडवी करावी. ही कशी आडवी करू?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शकीला घरात गेली आणि बूड चेपलेलं जर्मनचं पातेलं घेऊन आली. ते तिने धारेवर उपडं घातलं. नेमकं बसलं.

"अब सो गई," शकीला म्हणाली. दोघी हसल्या. त्यांची तेव्हाच गट्टी जमली. टेम्पोत चढवताना बाईंनी पातेल्यावर हात ठेवला होता आणि तो डोंगरकड्यापर्यंत काढला नसावा असं मला वाटतं.

मग दिवाळी आली. फाट्यावर आकाशकंदील लागले, पुतण्याच्या दुकानात गर्दी झाली, मी माझ्या अर्ध्या ओंडक्यावर बसून जीपा बघत राहिलो. पहिल्या आंघोळीचा दिवस गेला. कुणी आलं नाही. लक्ष्मीपूजन गेलं. शकीला दोनदा विचारून गेली, "कुछ खबर?" मी मान हलवली. फोन लावावा असं वाटायचं आणि नको वाटायचं. दुपारी पेंगताना मला डोंगरकड्याचं ते न पाहिलेलं घर दिसायचं, दाराला कुलूप आणि अंगणात पातेल्याखाली निजलेली अब्बांची कुऱ्हाड.  माझ्या आयुष्यात मी हजारो कुऱ्हाडी दिल्या असतील, त्यांतल्या एकीचीही मी अशी वाट बघितली नव्हती.

भाऊबीज झाल्यावर एक तरुण माणूस जीपमधून उतरला. इस्त्रीचा शर्ट, पाठीवर प्रवासाची पिशवी, हातात गोणपाटाची दुसरी पिशवी. ती पिशवी मी ओळखली.

 तोंडातून सवयीने तेच निघालं. "लाकूड आणलंय का?"

"आणलंय, चाचा," तो म्हणाला. "मी गजानन. चंद्रभागाबाईंचा."

तो ओंडक्यावर माझ्या शेजारी बसला. 

"पहिल्या आंघोळीच्या दिवशी पहाटं मला आवाजानं जाग आली," तो सांगायला लागला. शहरातली भाषा त्याच्या तोंडातून हळूहळू गळून पडत होती. "टोक्, टोक्. मी अंथरुणातच व्हतो. मला वाटलं, दादा, माझे वडील, लाकडं फोडून राहिलेत. लहानपणी असंच व्हायचं, चाचा. दादा बाहेर फोडायचे अन् मी आत पडून ऐकायचो. दादा न्हाईत हे मला आठवलंच न्हाई. किती येळ तसाच पडून व्हतो. मंग आईनं हाक मारली, पाणी निवून राहिलं म्हणून."

त्याने पाठीवरची पिशवी उतरवून खाली ठेवली. 

"बाहेर आलो तर ती बसलेली. कुऱ्हाड दादांची. बंबातून वाफ निघून राहिली. माझ्याकडं बघून म्हणाली, बोल."

"मग?"

"कबूल केलं व्हतं ना. मी काही बोललो न्हाई. आंघोळीला बसलो."

त्याने गोणपाटाची पिशवी उघडली आणि मी दिलेली मोगरी काढून ठेवली. एवढ्या दिवसांत तिचं मधलं अंग ठोकळ्यांवर आपटून आपटून झिजलं होतं, कंबर बारीक झाली होती. इतकी वापरलेली वस्तू बघून मला जो आनंद झाला तो मी इथे सांगतो, कारण कारागिराला असा आनंद फार वेळा मिळत नाही. मग त्याने बाभळीचा एक जाड, न फोडलेला, गाठ नसलेला तुकडा काढला.

"हे आईनं निवडून दिलंय. म्हणाली, चाचा आधी लाकूड मागतात. ह्याच्याच मोगऱ्या करून द्या."

"किती?"

"दोन," गजानन म्हणाला. "एक आताची. ती झिजली की दुसरी. तोवर शिमग्याला मी येतोच."

मी तुकडा हातात घेतला. टोकाकडून रेषा बघितली, सरळ होत्या. ओंडक्यावर आपटला, 'टण्' बोलला. त्याच्या बांधावरची बाभूळ, त्याच्या बापाने वाढवलेली असणार. मी शकीलाला हाक मारून दोन चहा सांगितले आणि रंधा शोधायला आत गेलो.